तिसरा दात

तफीदानं एक काहक वर्षभर जपून ठेवला होता. खाण्यासाठी नव्हे, उट्टं काढण्यासाठी.

नाईलकाठच्या फुव्वा गावात काहक, ईदचं हे बिस्किट, कुणी वर्षभर ठेवत नाही. ईदच्या आधी चार दिवस गल्लीगल्लीत तूप आणि भाजक्या पिठाचा घमघमाट सुटतो, बायका मांडी घालून गोल बसतात, खजुराचं सारण भरलेल्या गोळ्यांवर चिमट्यानं नक्षी काढतात आणि ईद सरून आठवडा होत नाही तोच डबे खडखडीत होतात. हा एक मात्र तिनं फडक्यात बांधून, फडकं मातीच्या बरणीत घालून, बरणी पेटीच्या तळाशी ठेवली होती. मुंगी लागू दिली नाही. आता तो इतका कडक झाला होता की फेकून मारला असता तर डोकं फुटलं असतं, आणि कुणाचं फोडायचं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पण फेकायला नव्हताच तो. त्याच्यावरची नक्षी अजून जशीच्या तशी होती. चिमट्याच्या प्रत्येक खुणेत दोन रेघा, मग एक फट, मग पुन्हा चार रेघा.

ती फट म्हणजे शिहाताची चूक. शिहाता तिचा एकुलता एक. पत्र्याचं काम शिकत होता. पहिल्याच वर्षी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं आईला नक्षीचा चिमटा करून दिला. दोन्ही टोकांना सात-सात दात काढले आणि शेवटच्या घटकेला कात्री घसरून तिसरा दात उडाला. पोरगं हिरमुसलं. तफीदा म्हणाली, "राहू दे रे, म्हाताऱ्याच्या तोंडासारखा दिसतोय. आवडला मला." तेव्हा त्यानं खिळा घेतला आणि चिमट्याच्या वाकाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलं: शिहाताच्या आईचा. तिला वाचता येत नव्हतं. त्यानंच बोट ठेवून वाचून दाखवलं होतं.

त्या वर्षापासून तफीदाच्या घरची खूण तीच झाली. भट्टीवाला उस्ता मितवल्ली सगळ्या घरांना ताटं देतो ती भट्टीचीच, काळीभोर, एकासारखी एक. चिठ्ठी लावावी तर जळून जाते. त्यामुळे भट्टीतून बाहेर आलेलं ताट कुणाचं हे काहकावरची नक्षी सांगते. बसीमाच्या घरचे काट्याने टोचलेले असतात, कोपऱ्यावरच्या बायका अंगुस्तानाचे गोल उठवतात. उस्ताचा कायदा एकच: ज्याची खूण त्याचं ताट. माणसांची नावं तो विसरतो, आपल्या पोरांचीसुद्धा, पण खूण विसरत नाही.

गेल्या वर्षी रमजानला आठ दिवस असताना शिहाता तापानं गेला. एकोणीस वर्षांचा. दुःखाच्या घरात काहक होत नाहीत, आणि एका अंगणात राहणाऱ्या भाऊबंदांनीही करायचे नसतात. ही रीत शेंबड्या पोराला ठाऊक असते. चाळिसावा व्हायला दोन दिवस असताना ईद आली. तफीदाच्या चुलीवर नुसती काळी कॉफी. आणि अंगणापलीकडून, थोरल्या जावेच्या दारातून, तुपाचा वास.

थोरली जाऊ म्हणजे झन्नूबा. तिच्या मुलीचं, अतियातचं, नुकतंच ठरलं होतं आणि होणाऱ्या व्याह्यांकडे काहक धाडायचे होते. बाईला दम निघाला नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी तफीदा गप्प बसली असती; दुःखात माणसाला भांडायचंही त्राण नसतं. पण ईदच्या दिवशी शेजारची बसीमा झाकलेली ताटली घेऊन आली. म्हणाली, "खा गं थोडं, शिहाताची आई. पोटात काही नाही तुझ्या." तफीदानं रुमाल उचलला. चार काहक होते. तीन काट्याने टोचलेले, बसीमाचे. चौथा झन्नूबाकडून वाटपात आलेला. त्याच्यावर दोन रेघा, फट, चार रेघा.

तिनं उठून स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे पाहिलं. चिमटा तिथं नव्हता. मयतीच्या दिवशी भांडी घासायला, चूल सांभाळायला कोण आत वावरत होतं, ते तिला एकदम आठवलं.

ईदनंतर सातव्या दिवशी तिनं चार बायकांसमोर विचारलं. "जाऊबाई, शिहाताचा चिमटा चुकून तुमच्याकडे आला का?"

झन्नूबानं छातीवर हात मारला. "मी? मेलेल्या पोराची वस्तू? माझा चिमटा दसूकच्या बाजारातला आहे, बाई! सगळे पत्र्याचे चिमटे सारखेच दिसतात." आणि शेजारी बसलेल्या अतियातच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली. पोरीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खूण सगळ्यांनी ओळखली होती. पण सगळ्यांनी झन्नूबाचे काहक खाल्लेही होते, आणि तोंड भरलेलं असलं की माणसाला खरं बोलता येत नाही. मी त्या गल्लीला दोष देत नाही. देतो, खरं तर. चांगला देतो.

तफीदा एवढंच म्हणाली, "असेल हो, दसूकचा असेल." आणि घरी येऊन तिनं तो चौथा काहक फडक्यात बांधला.

वर्ष गेलं. दोघी एकाच नळावर पाणी भरत होत्या, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. झन्नूबाला वाटलं, तफीदा विसरली. चोरी पचली की चोराला वाटतं, घरमालकालाही पचली.

यंदा रमजानच्या मध्यावर अतियातची होणारी सासू, इहसानबाई, आली होती. लग्न ईदनंतर दहा दिवसांवर. अंगणात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "झन्नूबा, काहक सहा ताटं तरी कर हं. माझ्या बहिणी कैरोहून येणार आहेत. आणि नक्षी गेल्या वर्षीचीच हवी. ती मध्ये फट असलेली. मी त्यांना सांगून ठेवलंय, माझ्या सुनेच्या माहेरी असे काहक करतात की कैरोत मिळणार नाहीत."

तफीदा दोरीवर चादर टाकत होती. चादरीमागून तिनं झन्नूबाचा चेहरा पाहिला. चेहरा क्षणभर बावरला आणि मग हसला. "करते की. त्यात काय मोठंसं?"

त्याच दुपारी तफीदानं तुपाचा रिकामा डबा, शिहाताची पत्रा कापायची कात्री आणि कानस घेऊन गच्ची गाठली.

कात्री वर्षभर कुणी हातात धरली नव्हती. पहिल्या दिवशी पत्रा नुसताच चुरगळला. दुसऱ्या दिवशी तिनं वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापली. कडा आत दुमडून लाटण्यानं ठोकल्या, नाहीतर नक्षी काढताना बोटं चिरतात. मग फडक्यातला काहक काढून समोर ठेवला आणि त्याच्या रेघांवर पट्टीचं टोक धरून कोळशानं खुणा केल्या. मेलेल्या पोराच्या हातचं माप तिला त्या काहकावरूनच मिळत होतं. एकेक दात कापायचा, कानशीनं घासायचा, रेघेवर ठेवून बघायचा. तिसऱ्या जागी दात नाहीच काढायचा.

खालून झन्नूबा ओरडली, "काय गं ठोकतेस सारखी?"

"खुराड्याचं दार, जाऊबाई. मांजर कबुतरं पळवतं."

"मग विष घाल की मांजराला."

"विष कशाला? सापळा लावतेय."

खाली झन्नूबा हसली. तफीदाही हसली, पण तिचं हसू खाली दिसलं नाही.

दात कापताना एकदा कात्री निसटली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. रक्त पत्र्यावर सांडलं. तिनं अंगठा ओढणीत आवळून धरला आणि बसून राहिली. शिहाताच्याही अंगठ्याला तिथंच जखम झाली होती. पहिल्यांदा तिला रडू आलं. मग रडूचा राग आला. रडून झन्नूबाचं काय वाकडं होणार होतं? तिनं दुसरं टोक हातात घेतलं आणि पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी पट्टी काठीवर वाकवली. दोन्ही टोकं एकमेकांवर अचूक बसली. मळलेल्या पिठावर एक चिमटा काढून पाहिला: दोन रेघा, फट, चार रेघा. जुन्या काहकाशेजारी ठेवला. डोळे फुटेपर्यंत पाहिलं तरी फरक नव्हता.

एकच गोष्ट तिनं केली नाही. वाकाच्या आत काही कोरलं नाही.

ईदच्या आदल्या दिवशी झन्नूबानं दार लावून काहक केले. काहक दार लावून करणारी बाई फुव्व्यानं पहिल्यांदाच पाहिली. बसीमा मदतीला गेली तर आतून आवाज आला, "अतियातला बरं नाही, तुला लागण होईल." तफीदानं मात्र अंगणात मधोमध बसून वीस काहक केले. एकच ताट. चिमटा काम झाल्या झाल्या खिशात.

दुपारी भट्टीसमोर बायकांची ही गर्दी. उपाशी पोटं, सुकलेले ओठ, डोक्यावर ताटं, आणि प्रत्येकीला आपलं ताट आधी आत जायला हवं होतं. उस्ता मितवल्ली लांब फावड्यानं ताटं ढकलत होता, ओढत होता आणि सगळ्यांच्या सात पिढ्यांना आशीर्वाद देत होता. झन्नूबानं आपली सहा ताटं फडक्यानं झाकून आणली आणि घाईघाईनं आत सरकवली. तिच्या पाठोपाठ तफीदाचं एक.

अर्ध्या तासानं उस्तानं ताटं ओढली आणि ओट्यावर एकाशेजारी एक मांडली. मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "शिहाताची आई, तुझी सात ताटं झाली. ने."

"सात कुठली?" झन्नूबा पुढं आली. "सहा माझी आहेत!"

उस्तानं तिच्याकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं. "सातही ताटांवर एकच खूण आहे. शिहाताची फट. गेल्या वर्षी हिच्या घरी दुःख होतं, तेव्हा तू या खुणेचे आणलेस, मला वाटलं हिनंच दिला असेल चिमटा. मी विचारलं नाही. यंदा तिचं ताट आलंय. ज्याची खूण त्याचं ताट."

"अहो उस्ता, मी पहाटेपासून राबलेय! अतियातला विचारा!"

"अतियातला कशाला विचारायचं?" तफीदा म्हणाली. आवाज अगदी थंड होता. "माझा चिमटा माझ्याकडे आहे." तिनं खिशातून नवा चिमटा काढून ओट्यावर ठेवला. "तुझा आण."

एवढ्या वर्षांत तिनं झन्नूबाला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"दसूकचा आहे माझा!" झन्नूबा किंचाळली. "दसूकलाही असे मिळतात!"

"मिळत असतील. दाखव की."

"तुला का दाखवू? तू कोण लागून गेलीस?"

"मला नको दाखवू. मला कुठं वाचता येतं? उस्ताला दाखव. शिहाताच्या चिमट्यात वाकाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं अक्षरं कोरलेली आहेत. तुझा दसूकचा असेल तर कोरा असेल. उस्तानं बघावं, आणि तुझी सहा ताटं तुझी."

झन्नूबाचा हात झग्याच्या गळ्यापाशी गेला. चिमटा तिथंच होता, छातीशी. घरी ठेवायचीही तिला भीती वाटली होती. वर्षभर तिनं तो हाताळला होता आणि आतले ओरखडे तिला गंज वाटले होते. तिलाही वाचता येत नव्हतं. हात गळ्यापाशी गेला तो तिथंच राहिला. चिमटा बाहेर काढावा तर चार बायकांसमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी. न काढावा तर सहा ताटं गेली, आणि संध्याकाळी इहसानबाई दारात.

"काय गं, सापडत नाही का?" बसीमानं विचारलं. गेल्या वर्षी खाल्लेला काहक बहुतेक आत्ता तिच्या घशातून खाली उतरला होता.

झन्नूबानं हात खाली घेतला. "राहिला घरी," ती पुटपुटली. "जाऊ दे. ने. तुझी भूक मोठी आहे, ने सगळे."

ती वळून चालती झाली. सात बायकांनी न सांगता ताटं डोक्यावर घेतली आणि तफीदाच्या दारात नेऊन ठेवली.

संध्याकाळी रोजा सुटल्यावर इहसानबाई आली. तफीदाला अंगणापलीकडून सगळं ऐकू येत होतं. झन्नूबा म्हणत होती, भट्टीत जळाले हो, सगळे जळाले. इहसानबाई म्हणाली, "जळाले? सहाच्या सहा? मग कैरोच्या बहिणींना काय दाखवू, माझे हात?" आणि दार आपटून गेली. मग अतियातचं रडणं सुरू झालं.

तफीदाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्या छातीतला दगड उतरेल. उतरला थोडा. चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू. घास गोड लागला. पण रडणं थांबेना, आणि तिला आठवलं की शिहाता तापानं फणफणला होता तेव्हा रात्रंदिवस त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत हीच पोर बसली होती. तफीदा उठली. सातांतलं एक ताट, सगळ्यांत छान भाजलेलं, तिनं वेगळं काढून झाकून ठेवलं.

ईदच्या सकाळी बायका टोपल्या घेऊन कबरस्तानात गेल्या. तिथं आपल्या माणसाच्या नावानं खायला वाटायचं आणि घेणाऱ्यानं त्याच्यासाठी दुवा मागायची, अशी रीत. मेलेल्याच्या नावानं दिलेला घास नाकारत नाहीत. वैऱ्यानं दिला तरी नाही. तफीदा शिहाताच्या कबरीशी बसून झन्नूबाच्या हातचे काहक वाटत होती. "घ्या, शिहाताच्या नावानं." आणि येणारी प्रत्येक बाई खाऊन म्हणत होती, "अल्ला त्याच्यावर दया करो. काय सुरेख झालेत गं!"

झन्नूबाला यावंच लागलं. सासू-सासरे त्याच ओळीत पुरलेले. बुरख्याचं टोक दातात धरून ती बाजूनं निघून जायला बघत होती.

"झन्नूबा," तफीदानं हाक मारली. "शिहाताच्या नावानं घेऊन जा."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. झन्नूबा आली आणि टोपलीकडे हात केला. तफीदानं टोपली मागं घेतली. ओढणीच्या गाठीतून फडकं काढलं, सोडलं आणि वर्षापूर्वीचा काहक तिच्या तळहातावर ठेवला.

"हा तुझा आहे. गेल्या ईदचा. चाळिसावा व्हायला दोन दिवस होते तेव्हाचा. खा."

झन्नूबानं तो उलटा करून पाहिला. दोन रेघा, फट, चार रेघा. तिनं दातात धरला. तुटला नाही. पुन्हा धरला, डोळे मिटून चावला, तेव्हा एका कोपऱ्याचा तुकडा निघाला आणि तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना; थुंकायचं तरी कसं, कबरीशी? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दाढ दुखली म्हणून की दुसऱ्या कशानं, हे तिचं तिला ठाऊक. शेवटी तिनं झग्याच्या गळ्यात हात घातला, चिमटा काढला आणि टोपलीत टाकला.

"माझी शपथ खोटी होती," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "या चिमट्याची नक्षी सुंदर पडायची. माझ्या पोरीचं ठरत होतं. मला वाटलं, तुला आता कशाला लागणार आहे?"

तफीदानं चिमटा उचलला.

"अतियातचं ताट मी ठेवलंय," ती म्हणाली. "आज दुपारी इहसानबाईकडे मी घेऊन जाईन. काकू म्हणून, मी. तू घरी बसायचंस. आणि हा घे." तिनं खिशातला नवा चिमटा काढून झन्नूबाच्या हातात दिला. "मी केलाय. रोज बघ. पुढच्या वेळी चोरायची पाळी येणार नाही."

झन्नूबा तो चिमटा धरून उभी राहिली. "तफीदा, माफ कर मला."

"मी?" तफीदा म्हणाली. "वस्तू त्यानं केलेली. दुःख त्याचं होतं, तू त्याच्या दुःखात काहक भाजलेस. माफी त्याच्याकडे माग. तो इथंच आहे, कुठं जात नाही."

झन्नूबा गुडघ्यांवर बसली. तफीदा उठली, टोपली काखेत घेतली आणि पुढच्या ओळीकडे निघाली. चालता चालता तिचा जखमेचा अंगठा चिमट्याच्या वाकाच्या आत गेला. वाचून दाखवताना शिहाताचं बोट जिथून सुरू झालं होतं तिथून तिनं अंगठा फिरवायला सुरुवात केली, एकेका ओरखड्यावरून, सावकाश, शेवटापर्यंत: शिहाताच्या आईचा.